सगळं वेळेवर दिलं होतं

फोन वाजला तेव्हा तो चौदाव्या मजल्याच्याही वर, लिफ्टच्या मशीनरूममध्ये उकिडवा बसून ब्रेकची पट्टी किती झिजलीय ते बघत होता. हात ग्रीसनं माखलेले, म्हणून करंगळीच्या टोकानं त्यानं फोन स्पीकरवर टाकला. "बाळाचे वडील ना?" पलीकडून एका मुलीनं विचारलं. "लॅबमधून बोलतेय. बाळाचं रक्त परत एकदा द्यावं लागेल." "का? सांडलं का?" असं तो बोलून गेला आणि स्वतःच्याच प्रश्नाचं त्याला हसू आलं. ती मुलगी हसली नाही. "तसं काही नाही. मॅडम म्हणाल्या, परत एकदा करून बघू." फोन बंद झाला. परत एकदा करून बघू. हे वाक्य त्याच्या ओळखीचं होतं, त्याच्या रोजच्या वापरातलंच होतं. मोटर गेलीय हे कानाला पहिल्या घरघरीतच कळलेलं असतं, पण खाली ताटकळत उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांना एकदम कसं सांगायचं म्हणून तो म्हणायचा, थांबा, परत एकदा करून बघू. मग उगाचच एकदोन बटणं दाबायची, चारदा स्विच बंदचालू करायचा, आणि तेवढ्या वेळात समोरच्याच्या चेहऱ्यावर ते आपोआप उमटू द्यायचं. आता त्याच्या चेहऱ्यावर ते उमटत होतं, आणि बघायला मशीनरूममध्ये कुणीही नव्हतं.

मुलगी दहा महिन्यांची होती. पहिल्या सोनोग्राफीत पडद्यावर नुसता एक ठिपका दिसला होता, म्हणून तिचं नाव ठिपकी पडलं. कागदावर दुसरं नाव होतं, पण ते फक्त दवाखान्यात हाक मारायला. खरं तर मूल नकोच, असं बायकोनं लग्नाच्या आधी सांगितलं होतं. त्यांची तेव्हा तिसरीच भेट होती. "माझ्या रक्तात कावीळ आहे," ती म्हणाली होती, पत्ता सांगावा तितक्या सहज. "मी पिवळी दिसत नाही, पण आहे. आईकडून जन्मतःच आली. दादालाही आहे. आई त्यातच गेली, यकृत सडलं तिचं. तुला उठून जायचं असेल तर आत्ताच जा, चहा अजून आला नाहीये." तो उठून गेला नाही. लग्नाआधी त्यानं स्वतःच्या दंडावर लसीची तीन इंजेक्शनं घेतली, आपल्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाल्याचा कागद आणून तिच्या हातात ठेवला आणि म्हणाला, हे माझं प्रगतिपुस्तक. ती पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या फोनवर बसायची. दिवसभर कान किटेपर्यंत लोकांचे कोरडे नळ आणि फुटलेले पाइप ऐकायची, आणि घरी त्यानं काही कुरकुर केली की त्याच सुरात म्हणायची, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे, कृपया वाट पाहा." मुलाचा विषय काढला की मात्र हा विनोद बंद व्हायचा. ती उठून दुसऱ्या खोलीत जायची.

चार वर्षं त्यानं तो विषय लावून धरला. धरणं या शब्दातला हट्ट त्याला तेव्हा कळला नव्हता, तो त्याला प्रेम समजत होता. सुट्टीच्या दिवशी दवाखान्यांत जाऊन बसायचा, डॉक्टरांना विचारून विचारून भंडावून सोडायचा आणि घरी येऊन तिला आकडे सांगायचा. तुला शेवटचे तीन महिने गोळ्या. बाळ जन्मल्यावर बारा तासांच्या आत एका मांडीत लस, दुसऱ्या मांडीत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. मग पुढचे डोस. शंभरातली अठ्ठ्याण्णव बाळं सहीसलामत सुटतात. "हे बघ, लिफ्ट काही एका दोरावर नसते," तो तिला म्हणाला होता, "पाच पाच दोर असतात, आणि त्यातला एकटा एकसुद्धा सगळं वजन पेलतो." ती कपडे पिळत होती. तिनं एवढंच विचारलं, "आणि उरलेली दोन?" त्या वेळी तो अडखळलासुद्धा नाही. "ती दोन म्हणजे ज्यांच्या आईबापांनी वेळेवर दिलं नाही, हलगर्जीपणा केला, ती." हे त्याला कुठल्याही डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. हे त्यानं पदरचं घातलं होतं, भाजीत चिमूटभर मीठ कमी वाटावं आणि घालावं तसं. तिनं पिळलेला सदरा झटकला, त्याचे शिंतोडे त्याच्या तोंडावर उडाले, आणि ती म्हणाली, "बरं." चार वर्षांनी आलेला तो एक शब्द. तो दोन दिवस हवेत होता.

आणि त्यानं खरंच काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही. गोळीची वेळ चुकू नये म्हणून तो कामावरून फोन करायचा. ठिपकी जन्मली तेव्हा तिला पहिल्यांदा हातात घेण्याच्या आधी त्यानं घड्याळ बघितलं होतं, आणि परिचारिका दोन सुया घेऊन आली तेव्हा पुन्हा. चार तास दहा मिनिटं. बाळ एवढंसं तोंड वासून किंचाळलं, आणि त्या किंकाळीनं त्याला हलकं हलकं वाटलं, दार लागल्याचा आवाज आल्यासारखं. पुढचे सगळे डोस ठरल्या दिवशी. एकदा तिला सर्दी होती आणि बायको म्हणाली दोन दिवस थांबू, तर तो तिच्यावर चक्क ओरडला होता. दहाव्या महिन्यातली ही रक्ततपासणी नुसती शेवटची सही होती. ती झाली की फाइल बंद करून माळ्यावर टाकायची, असं त्यानं ठरवूनही टाकलं होतं.

दुसऱ्यांदा दिलेलं रक्तही तेच बोललं. मग तिसरी नळी, ठिपकीची आणि तिच्या आईचीही, दूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत गेली आणि तीन आठवडे काहीच आलं नाही. त्या तीन आठवड्यांत दोघं घरात एकमेकांशी इतकं नीट वागले की ते वागणंच अंगावर येत होतं. तो स्वतःहून भांडी घासायचा. ती त्याला मध्येच विचारायची, चहा ठेवू का, आणि ठेवलेला चहा दोघं न पिता गार करायचे. ठिपकी त्या दिवसांत उभं राहायला शिकली. खुर्चीचा पाय धरून उभी राहायची आणि सभेत भाषण करणाऱ्यासारखी चहूकडे बघायची. ती दोघं टाळ्या वाजवायची. टाळ्या वाजवताना तो बायकोकडे बघायचा नाही.

शेवटी डॉक्टरबाईंनी बोलावलं. मुलांच्या यकृताच्या त्या डॉक्टर, पन्नाशीच्या, बोलताना टेबलावरची पेनं एका रेषेत लावायची सवय असलेल्या. ठिपकी आईच्या मांडीवर बसून कागदाची घडी चोखत होती. "मुलीला लस लागू पडलेली आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि एक क्षणभर, फक्त एक क्षणभर, त्याच्या छातीत काहीतरी उसळून वर आलं. "तिच्या रक्तात प्रतिपिंडं आहेत, हवीत तितकी आहेत. पण काविळीचा विषाणूही आहे. दोन्ही एकत्र." "असं कसं?" त्यानं विचारलं. "प्रतिपिंडं विषाणूच्या वरच्या कवचावरचा एक आकार ओळखतात. त्या आकारावरून त्याला पकडतात. हिच्यातल्या विषाणूनं नेमका तोच आकार बदललाय. फार नाही, एवढुसा बदल आहे. पण आता तो समोरून गेला तरी त्यांना ओळखू येत नाही." त्या त्याच्या बायकोकडे वळल्या. "तुमच्या रक्तातही तो सापडला, पण अगदी थोडा. बाकी सगळा साधाच. साध्याला लसीनं अडवलं, आणि हा थोडा होता तो आत गेला आणि मग तोच वाढला."

बायकोनं ठिपकीच्या तोंडातून कागद काढून घेतला. ती घसा साफ करून, तक्रारीच्या फोनवर बोलायची तशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "डॉक्टर, एक विचारू? ज्या थोड्या बाळांना एवढं करूनही होतं, त्यांना उशिरा दिलेलं असतं ना? म्हणजे आईबापांचा हलगर्जीपणा असतो ना?" "छे हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, ही स्वतःला दोष देतेय, म्हणून त्या आणखी मऊ झाल्या. "असं मुळीच मनात आणू नका. कित्येकांनी सगळं वेळेवर दिलेलं असतं. आईच्या रक्तात विषाणू किती, कुठला, बाळाला गर्भातच गाठलं का, शंभर गोष्टी असतात. हे आम्ही आधीपासून सांगतोच." "हो का," बायको म्हणाली. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती त्याच्याकडे बघेल म्हणून त्यानं खांदे आवळून धरले होते, आणि ती पाहत नाही म्हटल्यावर ते सोडायचे कसे हेच त्याला कळेना. पेनं एका रेषेत होती. एक निळं, दोन काळी. "पुढे काय?" त्यानं विचारलं. आज काहीच नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या. ती वाढेल, खेळेल, शाळेत जाईल, बघून कुणाला कळणारही नाही. पण इतक्या लहानपणी अंगात गेलेला हा विषाणू दहातल्या नऊ मुलांत कायमचा राहतो. दर सहा महिन्यांनी रक्त, पोटाची सोनोग्राफी. वेळ आली की गोळ्या. त्या दाबून ठेवतात, मुळापासून काढत नाहीत. नवी औषधं येतील. "येतील," असं त्या दोनदा म्हणाल्या, आणि दुसऱ्यांदा म्हणताना त्यांनी निळं पेन उचलून पुन्हा तिथंच ठेवलं.

बसमधून परत येताना ठिपकी खिडकीच्या काचेवर तळहात आपटत होती आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट गरगरत होती. आपण चाळलं. गोळ्या देऊन, सुया टोचून, घड्याळ लावून आपण बायकोचं रक्त चाळून घेतलं, साधं साधं सगळं वर अडवलं आणि त्यातून खाली पडलेला, सगळ्यात लबाड तेवढा आपल्या हातानं पोरीला दिला. हे त्यानं निघताना दारात डॉक्टरबाईंना विचारलंही होतं, आणि त्यांनी जवळजवळ रागावून सांगितलं होतं की असा विचार करणं चूक आहे, लस नसती तर साधा गेला असता, नक्की गेला असता, या लसीनं माझ्या डोळ्यांदेखत हजारो मुलं वाचली. खरं होतं ते. त्याला ते पटत होतं. हजारो मुलं त्याला दिसत होती, शाळा सुटल्यावर लोंढ्यानं बाहेर पडतात तशी, आणि त्या सगळ्यांच्या आया फाटकाशी उभ्या होत्या, आणि त्याचा त्याला काही उपयोग नव्हता.

दोन दिवसांनी कामावर निघतो असं सांगून तो ठिपकी जन्मली त्या दवाखान्यात गेला. लसीकरणाची खोली तळमजल्यावर, पायऱ्यांखाली. तीच परिचारिका होती, केस आता आणखी पांढरे झालेली. त्यानं तारीख सांगितली आणि म्हणाला, विम्यासाठी नोंद बघायचीय. खोटं बोलताना त्याचे कान गरम झाले. तिनं कपाटातून लांबट वही काढून त्याच्यासमोर ठेवली आणि स्वतः कापूस कापत बसली. नोंद होती. बाळ स्त्री, वजन, जन्माची वेळ, लसीची वेळ, चार तास दहा मिनिटं, कुपीचा क्रमांक, दोन सह्या. त्या महिन्याचा फ्रिजच्या तापमानाचा तक्ता वहीच्या मागे टाचलेला होता. सकाळ आणि संध्याकाळ, एकही रकाना रिकामा नाही, एकही आकडा वरखाली नाही. त्यानं बोट ठेवून तीस दिवस वाचले. वीज कधी गेली होती का, त्यानं विचारलं. गेली तर बॅटरी आहे, ती म्हणाली. कुपी बाहेर राहिली असेल? एखादी? "राहिली नाही," परिचारिका म्हणाली. मग कात्री खाली ठेवून, "चूक शोधताय ना? शोधा. तुम्ही पहिले नाही. वर्षा-दोन वर्षांत एखादा येतोच. मी काही बोलत नाही, वही काढून देते. चूक निघाली असती तर निदान माझ्यावर ओरडता आलं असतं तुम्हाला." त्यानं वही मिटली. तिची सही गोल, शाळकरी अक्षरात होती. या बाईनं काहीतरी विसरायला हवं होतं असं त्याला मनापासून वाटलं, एवढ्या मनापासून की ती चांगली आहे याचाच त्याला राग आला. आतापर्यंतच्या नोकरीत एकही लिफ्ट त्यानं कारणाशिवाय बंद पडलेली पाहिली नव्हती. कुठंतरी गंज असतो, कुणीतरी तेल घातलेलं नसतं. इथं सगळ्यांनी तेल घातलं होतं.

बायको त्याला काहीच बोलली नाही, हे सगळ्यात वाईट. तो वाट बघत होता. जेवताना, कपडे वाळत घालताना, ती मध्येच थांबली की त्याला वाटायचं, आता. एकदा न राहवून त्यानंच विषय काढला. "मी तेव्हा तुला म्हणालो होतो ना, ती उरलेली दोन..." ती ठिपकीची नखं कापत होती. "हो." "ते मला कुणी सांगितलं नव्हतं." "मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "एवढं ठणकावून तू खरं कधी बोलत नाहीस." तिनं दुसरा हात धरला, करंगळीचं नख अलगद कापलं. "मलाही हवं होतं रे मूल. कुणीतरी मला फसवायला हवं होतं, तू फसवलंस. सगळं तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस, माझ्या वाटणीचं मला राहू दे." नखं कापून झाल्यावर तिनं नेलकटर उकळत्या पाण्यात टाकलं. पाळणाघराच्या बाईंना तिनं स्वतः जाऊन सगळं सांगितलं होतं. बाई फार प्रेमानं बोलल्या, ठिपकीचा पापाही घेतला, आणि आठवड्याभरानं त्यांच्याकडची जागा भरली. तेव्हापासून ठिपकी सकाळी आईजवळ आणि दुपारनंतर त्याच्याजवळ असायची. दोघांनीही कामाच्या पाळ्या बदलून घेतल्या.

दुपारी ती झोपली की तो तिच्या बरगडीखाली उजवीकडे दोन बोटं ठेवायचा. काही लागायचं नाही. मऊ, गरम, श्वासाबरोबर वरखाली होणारं पोट. मग त्याला दादा आठवायचा, बायकोचा मोठा भाऊ. दोन वर्षांपूर्वी, ठिपकी पोटात राहण्याच्या जरा आधी तो गेला, अडतीस वर्षांचा. शेवटी शेवटी त्याला इतकी खाज सुटायची की तो दाराच्या चौकटीला पाठ घासत उभा राहायचा आणि म्हणायचा, "भाऊजी, मी म्हैस झालोय." पोट पाण्यानं फुगलेलं, हातापायाच्या काड्या, डोळे हळदीसारखे. बायको महिनाभर त्याच्या उशाशी होती. तिनं तिथंच बसून आपलं भविष्य पानापानानं वाचलं असेल, आणि तरीही थोड्याच दिवसांत कपडे पिळता पिळता ती बरं म्हणाली. त्याला आता त्या शब्दाचं वजन कळत होतं. ठिपकी झोपेत ओठ चोखायची. ती अडतीस वर्षांची होईल तेव्हा आपण किती वर्षांचे असू, याचा हिशेब त्यानं केला आणि मध्येच सोडून दिला.

डॉक्टरबाईंनी त्यालाही रक्त द्यायला सांगितलं होतं. तुमच्या अंगात लसीची प्रतिपिंडं आहेत, पण या बदललेल्या विषाणूपुढे ती किती टिकतील सांगता येत नाही, म्हणून एकदा आता आणि एकदा तीन महिन्यांनी. रक्त, उघडी जखम, ब्रश, दाढीचं पातं, एवढं सांभाळा. उष्ट्याची, मुक्याची भीती धरू नका. पहिला रिपोर्ट कोरा आला. दुसऱ्याच्या वेळी, दंडाला रबर बांधून मूठ आवळत असताना, त्याला स्वतःच्या मनातली एक गोष्ट स्पष्ट दिसली. आपल्याला ती कावीळ हवी आहे. नळीत चढणाऱ्या काळपट लाल रक्ताकडे बघत तो मनात म्हणत होता, असू दे, असू दे याच्यात. म्हणजे घरात तिघंही एका बाजूला होतील. मग तिची नखं कापायला, तिच्या गुडघ्याचं रक्त पुसायला, बायकोच्या न बोलण्यात बसायला काहीतरी हक्क येईल. रिपोर्टासाठी त्याला पाच दिवस थांबावं लागलं आणि ते पाच दिवस तो जवळजवळ शांत होता. पाचव्या दिवशी लॅबमधल्या मुलीनं हसून लिफाफा दिला. "तुमचं एकदम चांगलं आहे. काळजीचं काही कारण नाही." तो थँक्यू म्हणाला. बाहेर ऊन होतं. लोक भाज्यांच्या पिशव्या घेऊन चालले होते. त्यांच्यासारखाच तोही एक निरोगी माणूस होता.

घरी आला तेव्हा बायको जमिनीवर पाय पसरून बसली होती आणि ठिपकी, आता चांगली चालायला लागलेली, दोन बिस्किटं दोन हातांत घेऊन खोलीभर फेऱ्या मारत होती. "काय आलं?" बायकोनं विचारलं. "काही नाही. मला काही नाही." तिनं डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं, आणि ती मनापासून म्हणाली, "बरं झालं. आईच्या वेळी दादा होता. दादाच्या वेळी मी होते. कुणीतरी एक जण धड लागतो." तिनं हे इतक्या साधेपणानं सांगितलं की अर्थ पोचायला त्याला वेळ लागला. अर्थ पोचला तेव्हा तो तिच्या शेजारी खाली बसला. दोघींना पोचवायचं काम त्याच्याकडे आलं होतं, एकीला नक्की आणि दुसरीला बहुतेक, आणि त्यासाठी तो निरोगी राहायला हवा होता.

ठिपकी त्याच्याकडे आली. तिनं एक बिस्किट तोंडात घालून चघळलं, बाहेर काढलं आणि तो ओला, मऊ झालेला तुकडा, कडेला तिच्या हिरडीतून आलेल्या रक्ताची एक पुसट गुलाबी रेघ असलेला, त्याच्या तोंडासमोर धरला. "बा," ती म्हणाली. दाढ येत होती, हिरडी सुजली होती. त्यानं तोंड उघडलं. म्हणजे उघडतो आहोत असं त्याला वाटलं. पण मान मागे गेली होती, अगदी बोटभर, जेमतेम एका श्वासापुरती, आणि ती त्यानं नेली नव्हती, ती आपणहून गेली होती. पाच दिवसांपूर्वी आपल्या रक्तात ती असू दे म्हणणारा तो, आणि ही त्याचीच मान. लगेच त्यानं ती पुढे आणली, पण तोवर बायकोनं पाहिलं होतं. ती रागावली नाही. तिनं हात लांब करून ठिपकीचं मनगट हळूच आपल्याकडे वळवलं. "मला दे गं," ती म्हणाली. "बाबा नको. माझं काय जातंय." आणि तिनं तो तुकडा खाल्ला. ठिपकीला ती गंमत वाटली. ती खदाखदा हसली, दुसऱ्या हातातलं बिस्किटही तिनं चघळून ओलं केलं, आणि या वेळी तिनं बापाकडे वळूनही न बघता ते सरळ आईच्या तोंडात भरवलं.